न आलेल्या बसचा फोटो

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर कबीरने माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, त्या बायका कुठला खेळ खेळतायत?" अनया म्हणाली, "लंगडी असणार." तेवढ्यात तुमच्या आईने तुम्हाला झोपायला पिटाळलं आणि उत्तर राहून गेलं. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून बसून लिहिते आहे.

आधी फोटो नीट बघा. डांबरी रस्त्यावर पांढऱ्या रांगोळीने एक लांबट चौकट काढली आहे. चौकटीच्या आत बायका दोन-दोन करून उभ्या आहेत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. एकीच्या कडेवर मूल आहे, एकीच्या हातात दुधाची बरणी, एकीच्या खांद्याला कॉलेजची पिशवी. पुढच्या उजव्या कोपऱ्यात मात्र कोणी नाही. तिथे रांगोळीचा एक गोल काढून ठेवला आहे. ते स्टिअरिंग.

तो खेळ नाही. ती बस आहे. आणि मागच्या दाराच्या जागी कमरेवर हात ठेवून, फोटो काढणारीकडे म्हणजे माझ्याकडे डोळे वटारून बघणारी ठेंगणी बाई, ती इंदूताई भोयर.

तुमचे आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही वर्धा सोडून गावच्या घरी राहायला आलो, तेव्हा आमची आणि तिची भिंत एक होती. तीही इतकी बुटकी की दोन्ही बाजूंनी बोलता येईल. इंदूताई गावच्या अंगणवाडीत नोकरीला होती. गळ्यात क्रोशाने विणलेली पिशवी, पिशवीत फोन. चष्मा दोऱ्याला बांधलेला. चालणं असं की पाठीमागून येणाऱ्याला वाटावं ही कुणाला तरी पकडायला निघाली आहे. मी वर्ध्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते म्हणून ती मला शेवटपर्यंत "मॅडम" म्हणाली. पण त्या शब्दात ती भीती फारशी मिसळत नसे.

अंगणवाडीत मुलं जेवली की जेवणाचा फोटो, वजन केलं की काट्याचा फोटो, हात धुतले की हातांचा फोटो वर पाठवावा लागे. पाठवला नाही तर मुलं उपाशी राहिली असं वरचे धरत. इतकी वर्षं हे केल्यावर इंदूताईचा जगाकडे बघण्याचा एक नियमच झाला होता. कुणी काहीही सांगितलं की ती विचारायची, "फोटो हाय का?" एकदा आमच्या ओसरीवर डाळ निवडताना शेजारची मालूताई कुजबुजली की अमक्याचा मुलगा तमकीबरोबर पळून गेला. इंदूताईने मान वर न करता विचारलं, "फोटो हाय का? नाई नं? मंग डाळ निवड."

ती सगळ्यांचा मान ठेवणारी होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे घडलं ते ऐकून तुम्हाला ती भांडखोर वाटेल. तिचे मोठे दीर वामनराव समोर आले की ती डोक्यावर पदर घेई आणि त्यांच्याशी सरळ कधीच बोलत नसे, कारण तशी त्यांच्या घरची रीत होती. जे सांगायचं ते भिंतीला, गाईला, नाहीतर मला सांगायची. रीत मोडत नसे आणि शब्द एकही गाळत नसे.

आता बसचं. वर्ध्याहून सुटणारी संध्याकाळची बस आमच्या गावात येऊन, चावडीपुढे वळून परत जायची. एका पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला आणि बस मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यावरून वळायला लागली. तिथून गाव पायी अर्धा तास. दसऱ्याला रपटा दुरुस्त झाला. त्यावरून सोयाबीनचे ट्रॅक्टर आले, कापसाच्या गाड्या गेल्या, एका लग्नाची वरातसुद्धा आली. बस आली नाही. गंमत अशी की फोनवर वेळापत्रक पाहिलं तर ती रोज वेळेवर आमच्या गावात पोचत होती.

इंदूताईची सून प्रणाली वर्ध्याला नर्सिंगच्या कोर्सला जात होती. मुलगा पुण्याकडे कंपनीत, सणावारी येणारा. सुनेचा कोर्स हा इंदूताईचा हट्ट होता. दिवाळीनंतर दिवस लहान झाले, आणि फाट्यापासूनचा अर्धा तास अंधारात चालायचा झाला. एका संध्याकाळी मोटारसायकलवरचे दोघेजण गाडी हळू करून प्रणालीच्या मागेमागे गावाच्या कमानीपर्यंत आले. बोलले काही नाहीत. नुसते आले.

दुसऱ्या दिवशी वामनराव अंगणातल्या खाटेवर येऊन बसले. मी भिंतीशी तुळशीला पाणी घालत होते.

"कोर्स बंद," ते म्हणाले. "पोरीचं काई झालं तं तोंड कोनाले दाखवायचं?"

इंदूताईने पदर डोक्यावर ओढला आणि माझ्याकडे तोंड केलं. "मॅडम, मोठ्यायले इचारा, पोरीचं काई चुकलं का?"

"नाई चुकलं," वामनराव खाटेला म्हणाले.

"मंग तिचं बंद काऊन? ज्यायचं चुकलं त्यायचं बंद करा म्हना."

"कोनाचं चुकलं?"

"बसचं."

"बस तं बंदच हाय," वामनराव म्हणाले.

"थेच तं सांगून राह्यली मी, मॅडम!"

माझ्या हातातला तांब्या कलंडायचा राहिला. वामनरावांना हसू आलं होतं, पण ते मिशीत राहिलं. शेवटी उठता उठता म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत पाहीन. गावात बस आली तं ठीक. नाई तं पोरगी घरी बसन."

त्यांचं सगळंच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ते घाबरले होते. पण त्यांच्या भीतीची किंमत प्रणालीने द्यायची, हे इंदूताईला मान्य नव्हतं.

प्रवाशांच्या तक्रारींसाठी फोनवर एक ॲप होतं. इंदूताईने ते त्याच दुपारी उतरवून घेतलं. मजकूर मी लिहून दिला: सविनय कळविण्यात येते, सदर मार्ग, विद्यार्थिनींची गैरसोय. तिने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाली, "मॅडम, लय चांगलं हाय. पन हे वाचता वाचता थो साहेब रिटायर होईन." तरी माझा मान ठेवून पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं की सदर फेरी नियमित सुरू आहे, तक्रार निकाली.

मग तिने पुन्हा तक्रार केली, स्वतःच्या भाषेत. त्यावर विचारणा आली की समस्येचा फोटो जोडा. ती फोन घेऊन चावडीपुढे गेली आणि रिकाम्या रस्त्याचा फोटो काढून पाठवला. उत्तर आलं: फोटोमध्ये वाहन दिसत नाही, सबब तक्रार निकाली.

"आता न आलेल्या गाडीच्या फोटोत गाडी कुठून दाखवू?" ती माझ्या पायरीवर येऊन बसली. तिच्यासाठी कोथिंबिरीची सांबारवडी ठेवली होती, तिला हात लावला नाही. त्यातच दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाइकांना पाठवायचा गुलाबाच्या फुलाचा 'शुभ सकाळ' तिच्या हातून तक्रारीच्या क्रमांकावर गेला. लगेच उत्तर आलं, आपल्या संदेशाची नोंद घेण्यात आली आहे. "पाहा!" ती फोन माझ्या नाकापुढे नाचवत म्हणाली, "गुलाबाची नोंद घेते अन् बसची नाई घेत!"

मालूताई म्हणाली, गिरडला जाऊन बाबाच्या दर्ग्यावर नवस बोलू. इंदूताई म्हणाली, "बाबाले काऊन तरास देतं? बस काय बाबानं थांबवली?"

त्या संध्याकाळी तिने अंगणवाडीतला रांगोळीचा डबा आणला आणि चावडीपुढे, जिथे बस उभी राहायची नेमक्या त्या जागी, बस काढायला बसली. मुलांना फळ्यावर मासा, घर, मोटार काढून दाखवणारा हात तिचा. चाकं, दिवे, दार, सगळं काढलं. मग बायकांना हाका मारल्या. जी जिथे बसायची तिने तिथे उभं राहायचं. त्यावरून भांडणंही झाली, कारण खिडकीची जागा सगळ्यांनाच हवी होती. मालूताई म्हणाली, "मी डायवरपाशी हुबी राह्यतो. माह्या जवायाची गाडी हाय." ते खरंच होतं. त्या बसचा ड्रायव्हर संजय म्हणजे मालूताईचा जावई, तिची रेखा त्याला दिलेली. इंदूताईने तिला हाताला धरून मागे आणलं. "डायवरची जागा खाली ठेवायची. थो आला नाई म्हनून तं हा फोटो हाय."

मला फोन देऊन ओट्यावर चढवलं. "मॅडम, हालू नोका." म्हशीलासुद्धा ती असंच सांगायची.

त्या फोटोखाली तिने एकच ओळ लिहिली: "ही आमची बस. वाहन दिसत नसेल तर चष्मा लावून पाहा." ॲपवर टाकला, आणि वर्ध्याकडच्या प्रवाशांचा फेसबुकवर एक गट होता तिथेही. लोक हसले. मग लोकांनी आपापल्या रिकाम्या थांब्यांचे फोटो खाली लावायला सुरुवात केली. पवनारच्या बाजूच्या कुणीतरी छत उडालेल्या थांब्याचा लावला, आणखी कुणी बंद पडलेल्या बसला धक्का मारणाऱ्या वऱ्हाडाचा. डेपोचं उत्तर या वेळी वेगळं आलं. तक्रार निकाली नव्हे, "तपासणी सुरू". पण एका बाईची तक्रार किती दिवस तपासत बसतील याला हिशेब नव्हता, आणि संक्रांत आली होती.

आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. बायका एकमेकींच्या घरी जातात, कुंकू लावतात, तिळगूळ देतात आणि वाण म्हणून एखादी वस्तू लुटतात: वाटी, चाळणी, आरसा. विधवेने हळदीकुंकू करायचं नाही, हीही रीत. इंदूताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने गावभर निरोप पाठवला, "शुक्रवारी माह्या घरी."

कुंकू प्रणालीने लावलं. तिळगूळ इंदूताईने दिला. काही बायका दारापर्यंत येऊन घुटमळल्या. इंदूताई त्यांना म्हणाली, "कुंकू माही सून लावून राह्यली. तिळगूळ घ्यायले तं कोनाची मनाई नाई? या आत." आल्या. मग वाणाची वेळ झाली. ताटात काहीच नव्हतं.

"वाण काय वो?" मालूताईने विचारलं.

"फोन काढा," इंदूताई म्हणाली. "यंदाचं वाण तक्रार हाय. जिनं तिनं आपल्या हातानं करायची. ज्यायले लिहिता येत नाई त्यायनं बोला, फोन लिहिते."

संध्याकाळपर्यंत त्या घरातून तक्रारी निघत होत्या. कुणी लिहिलं की माहेरी जायचं आहे, कुणी म्हणालं दवाखाना, एका म्हातारीने फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन खडसावलं, "अरे बाप्पा, मले चालवत नाई!" आणि ती ओरडून बोलली ते फोनने शांतपणे लिहून घेतलं. मी एवढी व्याख्यानं दिली, एवढे सभासमारंभ पाहिले, पण असा समारंभ पाहिला नाही.

आणि चार दिवसांनी सगळ्यावर पाणी पडलं.

झालं असं की प्रत्येकीच्या फोनवर संदेश आला: आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे, आमच्या सेवेला तारे द्या. खाली पाच तारे काढलेले, आणि शेजारी फेरीचं आणि चालकाचं नाव. चालक संजय. बायकांनी पाचच्या पाच तारे दिले. एकजात सगळ्यांनी. त्याबरोबर तक्रारदार पूर्ण समाधानी असल्याची नोंद होऊन सगळ्या तक्रारी बंद झाल्या.

मी भिंतीशी गेले तेव्हा इंदूताईच्या अंगणात बायका खाली मान घालून बसल्या होत्या.

"मालू, तू पाच देल्ल्या?"

"हाव."

"काऊन?"

"जवाई हाय न माहा. जवायाले कमी देऊ?"

"अन् तुमी?" इंदूताई बाकीच्यांकडे वळली.

"गावचा पाहुना हाय, ताई," एकजण पुटपुटली. "नाव लिवलं होतं त्याचं. बरं दिसते का?"

इंदूताई खाली बसली. मला वाटलं आता ती कडाडणार. पण ती बराच वेळ तळव्याने जमीन सारवल्यासारखी पुसत राहिली. दारात प्रणाली उभी होती. रथसप्तमी पाच-सहा दिवसांवर होती. प्रणाली म्हणाली, "आई, राहू द्या. पुढच्या वर्षी पाहू." इंदूताईने तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी आत निघून गेली.

"तुमचं चुकलं नाई," इंदूताई बायकांना म्हणाली. "पाहुन्याचा मान ठेवला. पन अर्धाच ठेवला. पुरा ठेवू."

दुसऱ्या दिवशी संजयची सुट्टी होती. मालूताईकरवी त्याला आणि रेखाला संक्रांतीच्या जेवणाचं आमंत्रण गेलं. जावई आला. इंदूताईच्या ओसरीवर पाट मांडला होता, भोवती रांगोळी. त्याला टोपी दिली, उपरणं दिलं, नारळ दिला, मालूताईने ओवाळलं. पुरणपोळीवर तूप इतकं वाढलं की बिचारा हात आडवा धरून थकला. सगळ्या बायका भोवती बसल्या होत्या. त्याचा हात धुऊन झाला, सुपारी देऊन झाली, तेव्हा इंदूताईने विचारलं, "जवाईबुवा, मानात काई कमी राह्यलं का?"

"नाई वो काकू. लय झालं."

"कोनाचं काई देनं राह्यलं?"

"नाई."

"मंग पाटावरून उठा. इकडं या खुर्चीवर बसा." तो बसला. इंदूताई बायकांकडे वळली. "पाहुना पाटावर होता. त्याचा मान झाला. आता हा खुर्चीवर डायवर बसला हाय. काढा फोन. बंद झालेली तक्रार उघडता येते, मी पाह्यलं. अन् एक चांदनी द्या. एकच."

कुणाचाही हात हलेना. मालूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा संजयच खुर्चीवरून सासूला म्हणाला, "द्या, मामी. मले काय हौस हाय का फाट्यावर उतरवाची? माही बायको माहेरी येते तं फाट्यावरून पायी येते. वरून सांगते, वळव म्हनून. तुमी पाच देल्ल्या तं साहेब मलेच म्हने, पाय, लोक खुश हाय."

मालूताईने पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि जावयाच्या समोर बसून त्याला एक तारा दिला. मग सगळ्यांनी दिला. कारण लिहायच्या जागी इंदूताईने सगळ्यांना एकच वाक्य सांगितलं: डायवर चांगला आहे, बस येत नाही.

अख्ख्या गावाने एका संध्याकाळी समाधान परत घेतलं, तेव्हा डेपोत काय झालं ते मला माहीत नाही. संजयने नंतर सांगितलं की साहेबांनी रांगोळीच्या बसचा फोटो टेबलावर फोनमध्ये उघडून ठेवला होता आणि विचारलं होतं, "ह्या बायका आहेत तरी कोण?"

रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी वामनराव चावडीपाशी येऊन उभे राहिले. इंदूताई त्यांच्यापासून लांब, डोक्यावर पदर घेऊन. मी ओट्यावर. उजेड जायला लागला होता. आधी हॉर्न ऐकू आला, नाल्याच्या बाजूने. संजय कमानीपासून हॉर्न दाबतच आला. बस चावडीपुढे आली, वळली, थांबली. पोरी उतरल्या, सगळ्यांत शेवटी प्रणाली.

वामनराव घसा खाकरून म्हणाले, "आली वाटते."

"मॅडम," इंदूताई मला म्हणाली, "मोठ्यायले इचारा, फोटो काढू का?"

पुढच्या आठवड्यात एक पुढारी हार आणि नारळ घेऊन बसच्या शुभारंभाला आले. फोटोसाठी इंदूताईला बोलावणं पाठवलं. तिने निरोप दिला, "गाडी नव्हती तवा मी फोटोत होती. आता गाडी हाय, तुमी राहा."

प्रणालीचा कोर्स पूर्ण झाला. चंद्रपूरकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात तिला नोकरी लागली, नवराही तिकडेच काम बघू लागला, आणि नातवाला सांभाळायला इंदूताई गेली. त्याला आता दोन उन्हाळे झाले. गेली त्या दिवशी ती आमच्याच बसने गेली, सकाळच्या नव्या फेरीने. सगळं गाव चावडीपुढे होतं. वामनरावांनी तिची पेटी स्वतः वर चढवली. तिने पदर घेतला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "मोठ्यायले म्हना, तब्बेत सांभाळा." ते बसच्या चाकाकडे बघत म्हणाले, "तूही सांभाळजो."

संजय ड्रायव्हरच्या जागेवरून मागे वळून हसला. "काकू, आज तरी पाच चांदन्या द्या."

इंदूताईने आत बसून खिडकी ओढून पाहिली. काच अर्ध्यावर अडकली होती, तारेने बांधलेली. तिने पुन्हा ओढली. "तीन," ती म्हणाली. "खिडकी लागत नाई."

बस निघाली. मालूताई रडत होती, मीही पदर डोळ्यांना लावला होता. बस कमानीपाशी पोचली तेव्हा त्या अर्ध्या खिडकीतून एक हात बाहेर आला. मला वाटलं, निरोपाचा. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. पण तो हात हलत नव्हता. त्यात फोन होता, आणि तो आमच्याकडे नव्हे, खिडकीच्या अडकलेल्या काचेकडे धरलेला होता.